आईचं एक वाक्य

प्रिय ठमाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. त्या रविवारपासून सतरा वेळा लावला. तू रागावलीस ते बरोबरच आहे, पण ज्याच्यावर रागवायचं तो माणूस वेगळा आहे. पत्र फाडायचं तर खुशाल फाड, फक्त आधी शेवटपर्यंत वाच.

आईचा घसा बसलाय, असं मी तुला दीड महिना सांगत होतो. ते खोटं होतं. भांडी विसळताना तिच्या हातातून पातेलं पडलं. मी आतल्या खोलीतून ओरडलो, की जरा बघून काम करत जा. दुसरा आवाज आला तो ती पडल्याचा. मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात अजून लुळा आहे, पाय ओढत चालते, आणि बोलणं गेलंय. तुझ्या घरात आधीच आग लागलेली, त्यात आपण कशाला तेल ओता, असं मला वाटलं. आठ दिवसांत बोलायला लागेल, मग सांगू, असंही. याला मी शहाणपण समजत होतो.

बोलणं गेलं, पण एक वाक्य राहिलंय. पाणी हवं असलं तरी तेच, खिडकी लावायची असली तरी तेच. शेजारीण फुलं घेऊन आली, तिलाही तेच ऐकवलं. बिचारी पाच मिनिटांत उठली. तू ऐकलंस तेच वाक्य: ‘तुला काय कळतंय.’

त्या रविवारी तू हट्टच धरलास, की आईशीच बोलायचंय. तिला फोन धरवत नाही, म्हणून मी स्पीकर लावून तो उशीजवळ ठेवला आणि दाराशी उभा राहिलो. नवऱ्याचं घर सोडलंस, हे तू सांगितलंस. मग विचारलंस, आई, मी चुकले का. तिने तीनदा तेच म्हटलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, डाव्या हाताने ती फोन कुरवाळत होती, पण ते तुला कुठून दिसणार. मी दोन पावलं पुढे होऊन सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. सांगायचं तर वाक्य कुणाचं, तेही सांगावं लागलं असतं.

ते माझं आहे. तिने पडद्यांचा रंग सुचवला तेव्हा, तुझी शाळा निवडायची होती तेव्हा, अडतीस वर्षं उठता-बसता. तिची आई आजारी असताना ती म्हणाली, डॉक्टर बदलूया. तेव्हाही मी हेच म्हणालो. तिचं बरोबर होतं, हे तुझी आजी गेल्यावर कळलं, आणि त्यावर मी एक अक्षर बोललो नाही.

सबब म्हणून सांगत नाही, पण माझं काम तुला ठाऊक आहे. तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी स्टुलावर बसलो. मागे पांढरा दिवा, समोरून बाटल्या सरकतायत. बुडबुडा, चीर, वाकडं तोंड दिसलं की उचलायची आणि फोडायच्या पेटीत टाकायची. चांगल्या बाटलीला हात लावायचा नसतो, ती मुकाट पुढे जाते. घरीही मी तोच स्टूल मांडून बसलो. भाजी जमली की गप्प, मीठ जास्त पडलं की तोंड सुटलं. गप्प आहे म्हणजे खूश आहे, हे तुम्ही दोघींनी आपलं ओळखायचं. जित्याची खोड म्हणतात ती ही.

बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते. तरुण आहे आणि तुझ्यासारखीच फटकळ. ती म्हणाली, असा झटका आला की कधीकधी वर्षानुवर्षं कानावर पडलेलं तेवढंच शाबूत राहतं. मग माझ्यापुढे वही सरकवून म्हणाली, काका, यांचं स्वतःचं नेहमीचं बोलणं लिहून द्या. लाडाने काय म्हणायच्या, चिडवताना काय, झोपताना काय. त्यावरून परत बोलतं करता येतंय का बघते. मी वही घेऊन चार दिवस बसलो. ठमे, मला तिचं एक वाक्य आठवेना. ती बोलायची हे आठवतं. स्वयंपाकघरात तुम्ही दोघी हसायचात आणि मी आत आलो की थांबायचात, हेही आठवतं. काय बोलायचात ते मी कधी ऐकलंच नाही. तू चुकली नाहीस, हे तिच्या वतीने सांगायचा मला हक्क नाही, म्हणून माझ्या वतीने सांगतो. मला माफ करू नकोस, माझ्यासाठी येऊही नकोस. फक्त ती तुला काय काय म्हणायची, ते लिहून पाठव. वही कोरी आहे, आणि बाई गुरुवारी येणार आहे.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
बाबा