भिंतीला लागलेला चेंडू

विचिटा, कॅन्सस
जानेवारी १९८४

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे आणि दोन्ही वेळ जेवतो, एवढं आधी वाच. इथल्या चहाबद्दल बोलायलाच नको, बर्फ घालून देतात.

आमचं फुटबॉलचं मैदान म्हणजे छपराखाली अंथरलेला हिरवा गालिचा आणि भोवती लाकडी भिंत. चेंडू भिंतीला लागला तरी खेळ चालूच राहतो. हे मला कळतं गं, पण हाताला कळत नाही. काल चेंडू भिंतीवर आपटला आणि मी आपल्या ग्रीनॉकच्या उघड्या मैदानाच्या सवयीने, चेंडू रेषेबाहेर गेला असं समजून, हात वर करून थ्रो मागत उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्यांनी गोल मारला. वर प्रेक्षकांतल्या पोरांनी मलाच हात हलवून दाखवला.

आमचा कोच ब्रॅनिगन म्हणाला, “लॅकी, बस थांबवतोयस का? शनिवारी पुन्हा हात वर गेला, तर घरचं तिकीट मीच काढून देतो.”

वैताग आलाय नुसता. गालिच्याने गुडघा सोलवटलाय, पण सूज उतरतेय. बाबांचा खोकला कसा आहे?

शनिवारी मी दोन्ही मुठींत चड्डी घट्ट धरून खेळणार आहे. माझी खोली भाड्याने देणार होतीस ना? रविवारपर्यंत थांब.

तुझा,
लॅकी