माळ्यावर शिरलेला कळप

ट्युबिंगेन, ऑक्टोबर संपत आला

तीर्थरूप ओटमारमामा यांच्या चरणी विनफ्रीडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी आजवर वर्गात नुसता शिकवत आलो. आता उतरत्या छताखाली कोपऱ्यात फळ्या ठोकायच्या म्हणजे आठही अंगं जमिनीला लावावी लागतात, तेव्हा त्याचा अर्थ कळला.) खोकला कसा आहे? डॉक्टरांनी हा हिवाळा त्या भोकाभोकांच्या घरात एकट्यानं काढू नका असं बजावल्यावर तुम्ही फोनवर "बघू" म्हणालात. आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे "नाही", हे मी आईकडून शिकलो आहे. वर तुम्ही असंही म्हणालात की, "तुमच्या गावच्या वाऱ्याला वासच नाही, तिथं मला झोप कसली लागतेय?" तरीही पहिला बर्फ पडायच्या आत तुमच्यासाठी माळ्यावर खोली तयार करायची, असा मी विडा उचलला. त्याची ही हकीकत.

संस्कृतच्या मास्तराला कारागीर परवडत नाहीत, आणि आपण श्वाब, म्हणजे जातीचे चिक्कू, असल्यामुळे परवडले असते तरी लावले नसते. जमिनीसाठी फळ्या मिळाल्या त्या हरणाच्या पाटीच्या खानावळीतून. ती बंद झाली आणि मागचा, चेंडू घरंगळवून सोंगट्या पाडायच्या खेळाचा लाकडी पट्टा मालकानं फुकट नेऊ दिला. त्यामुळे खोलीत नेम धरायचे लाल बाण आहेत. पलंगावरून उठलात की पाय आपोआप संडासाकडे वळतील. (ही सोय मी मुद्दाम केली असं तुमच्या भाचेसुनेला, उटेला सांगितलं आहे.)

खरा प्रश्न उबेच्या अस्तराचा होता. कौलं आणि खोली यांच्यामध्ये, वाशांच्या दरम्यान काहीतरी जाड भरावं लागतं. नाहीतर माणूस वर राहतो आणि त्याची ऊब आकाशात. दुकानातल्या गुंडाळ्यांची किंमत ऐकून मला तुमच्या कोठारातली लोकर आठवली. कळप विकण्याआधीची शेवटची कातरणी, कुणी घेईना म्हणून पडून असलेली. तुम्ही "आधी धू" म्हणालात, मी "हो" म्हणालो. पण इतकी लोकर ऊन पाण्यानं धुवायची म्हणजे केवढा खर्च! मी पावसाच्या पाण्याच्या पिंपात एकदा बुडवली, काठीनं ढवळली आणि शास्त्रार्थ पूर्ण झाला असं मानलं. ती वाळली नाही. मग सामाईक दोरीवर टाकली आणि तिथून जिन्यावरून वर नेली, नेमकी जिना झाडायची पाळी बॉयर्लेबाईंची होती त्या आठवड्यात.

बॉयर्लेबाई तळमजल्यावर राहतात. आमच्या जिन्याला त्यांच्याइतका जपणारा माणूस नाही. धूर दिसला की अग्नी आहे, हे आमचं न्यायशास्त्र. लोकर दिसली की विनफ्रीड आहे, हे त्यांचं. "डॉक्टरसाहेब," त्या खालूनच गरजल्या, "वेद म्हणून जिना झाडला जात नसतो, त्याला केरसुणी लागते!" दुसऱ्या दिवशी झाडण्याच्या पाळीची पाटी माझ्या दारावर. पाळी नसताना. मी मुकाट्यानं झाडलो. (झाडलं असं लिहायला हवं होतं, पण खरं तेच लिहून गेलं.)

तर लोकर वाशांत भरली, वर प्लास्टिकचा कागद ताणला आणि सांधे सवलतीतल्या चिकटपट्टीनं बंद केले. दोन दिवस मी विश्वकर्मा होतो. तिसऱ्या दिवशी हीटर लावून पाहिला. ऊब आली, तशी पट्टी सुटली, कागद उपरण्यासारखा माझ्या खांद्यावर उतरला आणि त्याच्यामागून तुमचा अख्खा कळप खोलीत शिरला. उटे खालच्या मजल्यावर मसूर आणि श्पेत्स्लेच्या शेवया वाढत होती. तिथून तिनं विचारलं, "विनफ्रीड, वर मेंढी कोंडलीयस का रे?" एक नाही गं, म्हटलं, सगळ्या. तेव्हापासून पडदे, माझं व्याकरण आणि उटेचा चर्चला जायचा कोट, सगळ्यांना एकच गंध आहे. ही लोकर शनिवारपर्यंत उतरवायची, असा उटेनं निकाल दिला आहे. उतरवली तर नवं अस्तर घ्यायला पैसे नाहीत, आणि अस्तराशिवाय ती खोली तुमच्या घराहून थंड.

आपला भाचा,
विनफ्रीड

ता. क. – उटे म्हणते, मामांना लिही, ट्रॅक्टर पाठवा आणि लोकर परत न्या. लिहिलं.

ता. क. २ – वरचं लिहिताना ती मागे उभी होती. आता बाजारात गेली आहे. ट्रॅक्टर पाठवू नका, स्वतः या. मी चांगली पट्टी आणून सगळे सांधे पुन्हा बंद केले; फक्त तुमच्या उशाशी हातभर फट मोकळी ठेवली आहे. काल तिथं आडवा पडून पाहिलं. मामा, तुमच्या कोठारात आहोत असं वाटतं. झोप लागली नाही तर मला सांगा.

ता. क. ३ – उटेला फट सापडली. तिथं नाक लावून पाहिलं, मग म्हणाली, "असू दे. पण सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची म्हणावं, बर्फ असो नाहीतर काही."

ता. क. ४ – हे पाकीट टाकायला खाली उतरलो तर बॉयर्लेबाईंनी अडवलं. "तो मेंढपाळ जिना झाडतो ना?" मी हो म्हणालो. तिकीट लावायचं राहिलं म्हणून पेटीपासून पाकीट घेऊन परत आलो तोवर त्यांनी पाळीच्या तक्त्यावर तुमचं नाव घातलं होतं, शाईनं. तुमची पाळी नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. आता "बघू" चालणार नाही, मामा. मला तुम्ही फसवू शकता, बॉयर्लेबाईंना नाही.