विल्बर्थच्या गाडीची बॅटरी आणि माझी बोटं

मी, ओल्देमार किरोस ब्रेनेस, वय एकाहत्तर, धंदा विजेच्या गाड्यांची दुरुस्ती, राहणार कार्तागो, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. 'म्हाताऱ्याला भ्रम झालाय' असं माझा धाकटा भाऊ विल्बर्थ म्हणेलच, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम एक. घर, अंगण आणि गॅरेज माझी मुलगी योर्लेनी हिला. विल्बर्थला त्यातला खिळाही नाही. कारण इथेच लिहितो, म्हणजे त्याला नवं रचायला नको.

त्याच्याच गाडीची बॅटरी मी गॅरेजात उघडली होती. आधी नारिंगी सुरक्षा-प्लग उपसून फळीवर ठेवला. तो काढला की बॅटरीचे दोन भाग एकमेकांपासून तुटतात, मगच आत हात घालता येतो. विल्बर्थला समुद्रावर जायची घाई.

"दादा, अजून किती? बायको सामान बांधून बसलीय."

"बसू दे. तू कशाला हात लावू नकोस."

मी पान्याने आतले नट आवळत होतो. गाडी चालू होते का बघायला त्याने मागून प्लग परत खोचला. जाळाचा लोळ उठला, हातमोजा वितळून कातडीला चिकटला. विल्बर्थ फाटकाबाहेर पळाला. योर्लेनीने कोरड्या फळीने मला बाजूला ढकललं, म्हणून जगलो. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आणि हा गावभर सांगत सुटला, "दादा प्यायला होता." गिऱ्हाइकं तुटली. योर्लेनीने धंदा पुन्हा उभा केला.

कलम दोन. म्हणून सगळी हत्यारंही तिचीच.

कलम तीन. त्याची गाडी अंगणातच आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. ती त्याने स्वतः ओढून न्यावी. योर्लेनी तिला हात लावणार नाही.

कलम चार. गेल्या रविवारी तो तामाल, म्हणजे केळीच्या पानात उकडलेले मक्याचे उंडे, घेऊन आला होता. "दादा, झालं गेलं सोड. घराचं काय ठरवलंस?"

योर्लेनी म्हणाली, "काका, बाबा त्या दिवशी प्यायले होते का? तेवढं सांगा, मग बसा."

त्याने तामाल तिथेच ठेवले आणि फाटकाबाहेर निघून गेला. तामाल कुत्र्याला घातले.

तेव्हा माझ्या अंत्यविधीला त्याने चर्चच्या दारात सगळ्यांदेखत 'दादा प्यायला नव्हता' म्हणावं, आणि मगच शवपेटीला खांदा द्यावा. तोंड उघडलं नाही, तर त्याच्या जागी योर्लेनी खांदा देईल.

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार: एलादियो सोलानो, बेकरीवाले
साक्षीदार: मायरा कोटो, शेजारीण

ओल्देमार किरोस ब्रेनेस (सही डाव्या हाताची)
कार्तागो, १४ फेब्रुवारी २०२६