पप्पांची रिक्षा मागेच होती

रविवार, संध्याकाळ

पाय दुखताहेत, पण हे आजच लिहायचं आहे. गेल्या वर्षी दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी सुरुवातीलाच जीव तोडून पळाले आणि अर्ध्यातून पप्पांच्या रिक्षात बसून घरी आले. म्हणून यंदा त्यांनी बजावलं होतं, "पुन्हा रिक्षात बसलीस तर सकाळचं पळणं बंद. बी.ए. झालीस, नोकरी बघ."

आणि आज रिक्षा घेऊन माझ्या मागेच!

सुरुवातीला सगळे पुढे गेले. माझी मैत्रीण कीर्ती तर हसतच गेली. "पळायला आलीस की फिरायला, मॅडम?" लाज वाटली का? वाटली. पण वर्षभर रोज पहाटे तापीपर्यंत ज्या चालीनं पळाले, तीच धरली. पळताना बोलता येईल, इतकाच वेग. मागून पप्पा ओरडले, "जरा जोर लाव ना, बेटा!"

"जोर नंतरसाठी ठेवलाय!" बोलता आलं, म्हणजे बरोबर चाललं होतं.

परतीच्या रस्त्यावर एकेक जण मागे पडू लागला. शेवटी मी खरंच जोरात पळाले. रिक्षा कुठे राहिली, कळलंच नाही.

मी पोहोचल्यावर बऱ्याच वेळानं ती आली. मागच्या सीटवर कीर्ती, पोटरी धरून. "हसू नकोस हं," म्हणाली. नाही हसले. गेल्या वर्षी त्याच सीटवर मी होते ना.

पप्पांनी शाबासकी वगैरे दिली नाही. घराकडे रिक्षा वळवताना एवढंच विचारलं, "उद्या पहाटे किती वाजता उठवू?"