चौथं सॉकेट

२ ऑक्टोबर २००९, शुक्रवार. करामा.

११:४८ ला पुन्हा. पडदा काळा, दोन सेकंद काहीच नाही, मग मशीन आपोआप सुरू. तोवर पुण्यात चिन्मय एकटा आकाशात. आमच्या गेममध्ये विमान मी चालवतो, मागची तोफ त्याची. मी अडकलो की दोघंही पडतो.

त्याचा मेसेज: "बाबा, वी क्रॅश्ड. अगेन."

सलग तिसरा शुक्रवार.

नेटवरून बोलायची सोय इथे आखातात बंद, फोनचं कार्ड बघता बघता संपतं. गेममधल्या चॅटवर मात्र कोणाचा डोळा नाही. आठवड्यातून हा एक तास. इथे साडेअकरा, तिकडे एक. तो कॉलेजातून आलेला, माझी सुट्टी.

३ ऑक्टो.

नोंद नीट करून ठेवतो. प्रोसेसर मुळात २.१३ गिगाहर्ट्झचा. २००६ मध्ये, ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये असताना, चि. आणि मी सेटिंग बदलून त्याचा वेग ३.२ वर नेला. आठ गुणिले चारशे. तेव्हा तो चौदाचा. शेवटची टेस्ट पास झाली तसा त्याने मार्करने कॅबिनेटवर आकडा लिहिला: 3.2. दोनाचं शेपूट कॅबिनेटच्या कडेवरून खाली गेलंय. तीन वर्षांत एकदाही पडलं नाही. आताच का?

मला कोणी शिकवलेलं नाही. हेल्पर म्हणून आलो, ड्राफ्ट्समनच्या मागे उभा राहून ड्रॉइंग शिकलो, कम्प्यूटरही तसाच. तेव्हा हेही सुटेल.

६ ऑक्टो.

व्होल्टेज १.४०० वरून १.४२५. सकाळी सहाला मशीनवर पूर्ण ताण देणारी टेस्ट लावून ऑफिसला. डीआयपी या औद्योगिक भागातल्या फॅक्टरीत ड्रॉइंगच्या खोलीत पूर्वी अकरा टेबलं भरलेली, आता चार. कोणी जोरात बोलत नाही. संध्याकाळी साडेसहाला परत आलो तर टेस्ट चालूच. बारा तास, शून्य चुका, कमाल तापमान ६८.

जमलं.

९ ऑक्टो., शुक्रवार

नाही जमलं. ११:४५. धावपट्टीवर उतरत होतो.

चि.: "बाबा, जस्ट पुट इट बॅक टू स्टॉक, ना."

स्टॉक म्हणजे कंपनीचा मूळ वेग. म्हटलं, ३.२ म्हणजे ३.२. त्यावर स्मायली. तो स्मायली हसणारा होता की कसला, ते लक्षात येत नाही.

११ ऑक्टो.

सुनीताचा फोन.

"अहो, जेवलात का? मागे आवाज कसला येतोय?"

"मशीनचा पंखा."

"माणसाचा आवाज असेल म्हणून बरं वाटलं होतं."

जूनमध्ये पगार कापला, तेव्हा दोघांना पुण्याला पाठवलं. सप्टेंबरात फ्लॅट सोडून या पार्टिशनमध्ये आलो. हॉलमध्ये प्लायवूडची भिंत. अलीकडे मी, पलीकडे थॉमस. खिडकी त्याच्याकडे. इकडे सॉकेटही नव्हतं. मी त्याच्या बाजूने वायर आणली, दर तीस सेंटिमीटरला क्लिप, कोपऱ्यात काटकोन. टोकाला चार सॉकेटचा बोर्ड, दाराशी. थॉमस बघून म्हणाला, "भाई, आपने तो दीवार पे ड्रॉइंग बना दिया." चौथं सॉकेट त्याला वापरायला दिलं.

१४ ऑक्टो.

३.१ वर आणून बारा तास. पास. पुन्हा ३.२ वर. पास. प्रोसेसरमध्ये दोष नाही. तो थंड ठेवणारी पेस्टही नवीन लावली, तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. राहिली रॅम.

१६ ऑक्टो., शुक्रवार

उद्या दिवाळी. चि.ला सुट्टी. आज दोन तास खेळू म्हणाला होता.

११:५०. काळा.

मशीन सुरू होऊन चॅटवर परत आलो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लिहिलं, तू तेव्हा हट्टाने स्वस्तातली रॅम घेतलीस, मी नको म्हणत होतो, तिनेच घात केला.

मग: "ओके."

मग: "आय वॉज फोर्टीन, बाबा."

मग चॅटमधलं त्याचं नाव करडं झालं, म्हणजे तो निघून गेला.

करंजी नाही, चकली नाही. थॉमसने केळ्याचे वेफर्स आणून दिले. "हॅपी दिवाली, भाई." खाल्ले.

२० ऑक्टो.

नवी रॅम. १४० दिरहम, म्हणजे अठराशे रुपये जवळजवळ. जुन्या रॅमच्या दोन पट्ट्या काढून खोक्यात ठेवल्या. एकीवर चि.च्या बोटाचा ठसा असावा असं वाटलं. बहुतेक माझाच.

बारा तास. पास. रॅमच होती तर. मी बरोबर होतो.

बरोबर असल्याचं सांगायला शुक्रवारपर्यंत थांबायचं.

२३ ऑक्टो., शुक्रवार

११:३०. करडं.

११:४०. करडं.

मशीन रिकामं कशाला ठेवा म्हणून टेस्ट लावली. ११:४६ ला काळा.

नवी रॅम. ३.२. गेम नाही, चि. नाही, तरी.

म्हणजे त्याच्या रॅमचा काही संबंध नव्हता.

२४ ऑक्टो.

कार्ड घालून फोन केला. सु. म्हणाली, "त्याने शुक्रवारी एकचा क्लास लावलाय. तुम्हाला नाही बोलला?"

"बोलला असेल."

"देऊ का त्याला?"

"अभ्यास करत असेल तर राहू दे."

करत नव्हता. मागे टीव्ही ऐकू येत होता. तरी मीच राहू दे म्हटलं.

२७ ऑक्टो.

लंच टाइममध्ये वेळा एकाखाली एक लिहिल्या. ११:४८. ११:४५. ११:५०. ११:४६. दरवेळी शुक्रवार. शनिवार ते गुरुवारच्या टेस्ट मात्र सगळ्या पास. एवढं साधं कोष्टक आधी मांडायला काय झालं होतं? दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर मी हे पाच मिनिटांत पकडलं असतं.

शुक्रवारी पावणेबाराला या फ्लॅटमध्ये काय होतं?

३० ऑक्टो., शुक्रवार

टेस्ट लावली. घड्याळ समोर. खुर्ची दाराकडे वळवून बसलो.

११:४४. थॉमस आंघोळ करून आला. इस्त्रीचं टेबल उघडलं. त्याला ड्यूटीचा युनिफॉर्म कंपनीच धुऊन, इस्त्री करून देते. स्वतःचा शर्ट घालायचा तो फक्त शुक्रवारी, चर्चसाठी. पांढरा शर्ट अंथरला, इस्त्रीची पिन लावली. माझ्या बोर्डात. चौथ्या सॉकेटमध्ये.

११:४७. इस्त्रीचा दिवा लाल. माझा पडदा काळा.

"थॉमस, हिलना मत."

"भाई, मैंने क्या किया?"

मीटर लावला. इस्त्री बंद: २२९ व्होल्ट. चालू: १८७. क्लिपा काढत मागे गेलो. वायर कमी पडली होती तेव्हा कपाटामागे एक जोड दिला होता, नुसता पीळ मारून टेप. टेप वितळलेली, तांबं काळं. २.१३ वर मशीनने हे खपवून घेतलंही असतं. ३.२ वर, इतक्या जुन्या पॉवर सप्लायवर, नाही.

जोड माझा. कोणी घाई केली नव्हती, कोणी सांगितलं नव्हतं. क्लिपा मोजून लावल्या आणि जोड कपाटामागे दिसणार नाही म्हणून सोडून दिला.

थॉमस सुरकुतलेल्या शर्टातच चर्चला गेला. जाताना म्हणाला, "आग लगता तो?"

३१ ऑक्टो.

जाड वायर, अखंड, जोड नाही. इस्त्रीसकट २२६ व्होल्ट.

चि.ला मेल. चार वेळा लिहिली. फोनवर हे मला बोलता येणार नाही, आणि मला रिपोर्टच लिहिता येतात. शेवटी तसाच लिहिला:

दोष: शुक्रवारी मशीन बंद पडणे. कारण: वायरचा जोड; थॉमसची इस्त्री लागली की १८७ व्होल्ट, दुरुस्तीनंतर मीटरवर २२६. जोड कोणी दिला: मी. रॅम: निर्दोष. परत बसवली आहे. नवी काढून ठेवली. दिवाळीच्या आदल्या दिवशी लिहिलेलं चुकीचं होतं. मशीन आणि माणूस दोघांच्या बाबतीत.

शेवटचं वाक्य खोडलं होतं. मग परत लिहिलं.

३ नोव्हें.

उत्तर नाही. त्याच्या रॅमवर बारा तास. पास. तो ठसा माझाच आहे.

५ नोव्हें., गुरुवार

उत्तर आलं. तीन ओळी.

"हाऊ डू यू नो इट्स फिक्स्ड? मीटर इज नॉट प्रूफ. टेस्ट इट विथ द आयर्न ऑन, इन द गेम."

खाली: "फ्रायडे आय हॅव क्लास. विल सी."

दोनदा वाचलं. मी त्याला हेच शिकवलं होतं. ज्या परिस्थितीत बिघडतं, त्याच परिस्थितीत तपासायचं.

विल सी म्हणजे काय? सु.ला विचारलं. म्हणाली, "अहो, तुमचाच मुलगा आहे. मला कसं कळणार?"

६ नोव्हें., शुक्रवार

११:२०. गेम सुरू. विमान धावपट्टीवर, तोफेची जागा रिकामी. ३.२. तापमान ५९.

११:३०. करडं.

११:४५. थॉमसला सगळं सांगितलं होतं. त्याने शर्ट अंथरला, पिन लावली. लाल दिवा. पडदा जागेवर. पहिल्यांदा.

"हो गया, भाई?"

"अभी वो नहीं आया. चालू रख."

११:५३. तोच शर्ट दुसऱ्यांदा. थॉमस म्हणतो, "ये अब कपड़ा नहीं, कागज़ है."

११:५८. तिसऱ्यांदा. खाली जुम्म्याच्या नमाजाला निघालेल्यांच्या गाड्या. पुण्यात दीड वाजत आला. क्लास लागला असेल, किंवा नसेल.

"भाई, चर्च."

"दो मिनिट."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शर्ट उलटा करून कॉलरपासून परत सुरुवात केली.

१२:०४. २२६ व्होल्ट. मशीन चालू. नाव करडंच. इस्त्री गरम आहे.