तिसऱ्या भागात लढाई नको

तीर्थस्वरूप भिकाजीदादा यांस,
धाकटा भाऊ सखाराम याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सर्व देवीच्या कृपेने बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, आणि झालं असल्यास त्यांना आता तुमचा चेहरा स्पष्ट दिसतो का, ते कळवावं. (हा विनोद नाही, चौकशी आहे. विनोद करण्याची माझी सध्या मनःस्थिती नाही.) आमच्या दर्शनाची दापोलीची परीक्षा संपली, ती घरी आली आहे. तुमच्या परसातल्या हापूसला यंदा मोहर उशिरा धरला, फळ थोडं आहे पण डाग नाही. तुमच्या मागच्या पडवीच्या छपराचे नळे माकडांनी फोडले होते, ते मी बदलले. खुशाली संपली. आता मुद्द्यावर येतो, कारण गेले आठ दिवस माझ्या घशाखाली भात नीट उतरलेला नाही.

फोन करू शकलो असतो. पण रागात मला बोलता येत नाही, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि आपल्या वाडीत रेंज फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर येते. तिथे उभं राहून मी तुमच्याशी भांडलो असतो तर पहिल्या दोन पायऱ्यांवर अख्खी वाडी ऐकायला बसली असती. म्हणून पत्र.

मुंबई मंडळाचे सचिव या नात्याने तुम्ही ग्रुपवर जो आवाजी निरोप टाकलात, तो मी चार वेळा ऐकला. वैशाखातल्या पूजेला आपल्या नमनाच्या खेळात ‘शून्यलोक’ पिक्चरच्या तिसऱ्या भागाचा वग होणार, त्याला मुंबईची हरकत नाही, मात्र शेवटी एक दणदणीत लढाई घालावी, नाहीतर लोक उठून जातील, असं तुम्ही म्हणालात. तुमच्या मागे कमिटीची माणसं हसत होती, तेही ऐकलं. एक जण तर ‘अरे, तो भाग बनवणाऱ्यानंही बघितला नसंल’ असं म्हणाला. दादा, बावीस वर्षं मी नमनात झांज वाजवतोय. गण होतो, गवळण होते, मग वग सुरू झाला की मी मागे सरकून बसतो. दर वर्षी तोच राजा, तोच प्रधान, तोच राक्षस. यंदा पहिल्यांदा मी स्वतः वग लिहिला. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाने शंभर पानी अख्खी वही भरली, आणि तुम्ही त्यात लढाई घाला म्हणता, जशी आमटीत चिंच घाला म्हणावं.

‘शून्यलोक’चे पहिले दोन भाग मला मान्य आहेत. पहिल्यात धूमकेतू येतो, दुसऱ्यात शत्रू येतात, दोन्हींत पुष्कळ काचा फुटतात. लोकांना आवडले, देव त्यांचं भलं करो. तिसरा आला आणि जगाने त्याला नावं ठेवली. का? दुसरं काय, त्यात काही घडत नाही म्हणून! अहो, काय घडत नाही? पार टोकाच्या एका ओसाड ग्रहावर एक बिनतारी संदेशवाला असतो. सगळी यानं आपापल्या गावी निघून गेलेली असतात. त्यालाही परत या म्हणून हुकूम येतो. पण सहा नंबरच्या यानाची अजून खबर नसते, म्हणून तो थांबतो. रोज संध्याकाळी मोठा दिवा लावतो, सहा नंबरला तीन हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि मग जेवायला बसतो. (काय जेवतो ते नीट दिसत नाही. पेजच असावी.) हे मी तुमच्याच शेजारी बसून बघितलं. बारा वर्षं झाली, सातबाराच्या कामाला आपण रत्नागिरीत गेलो होतो, तलाठी भेटला नाही म्हणून दुपारच्या खेळाला बसलो. तुम्ही घोरत होता. मी मात्र त्या माणसाला दिवा पुसताना बघितलं आणि मनात हात जोडले.

आता मी विचारतो, कारण विचारण्याचा माझा हक्क आहे. रोज तिन्हीसांजेला मी बंद घरांच्या पाच किल्ल्या कमरेला लावून निघतो. तुमचं घर, भागोजीच्या चुलत्यांचं, वरच्या आळीतली तीन. कुलूप काढायचं, देव्हाऱ्यात दिवा लावायचा, जरा वेळ बसायचं, कुलूप लावायचं. त्या पाच घरांत रोज काय घडतं? काही घडत नाही. म्हणून मी तिथे लढाई घालतो काय? लोक उठून जातील, असं तुम्ही म्हणता. लोक उठून गेलेलेच आहेत, दादा. (हे वाक्य जरा जास्त झालं असल्यास क्षमा करावी. पण खोडत नाही.)

तुमच्या डोक्यात ही लढाई कोणी घातली, तेही मला ठाऊक आहे. भागोजीने. वीस वर्षं तो वगात राक्षस होतो. यंदाच्या वगात राक्षसच नाही, म्हणून तो पहिल्या तालमीपासून फुगलेला आहे. ‘सखाराम, तुज्या त्या वगात एक तरी मानूस मरतो काय रं?’ असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, नाही मरत. तर म्हणतो, ‘मंग आमी काय मोजायचं? दिवं?’ मी त्याला सहा नंबरच्या यानाचं काम देऊ केलं. तर म्हणे, जे येतच नाही त्याच्यासाठी दाढी कशाला वाढवू?

हे भांडण मिटेना म्हणून गावकीने देवीचा कौल घ्यायचं ठरवलं. मला ते पटलं नव्हतं. देवीकडे माणूस आजार घेऊन जातो, लग्न घेऊन जातो, तिला पिक्चरच्या भानगडीत ओढू नये. पण माझं कोण ऐकतो? रावजी गुरवाने देवीच्या मूर्तीला डावी-उजवी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, ‘हे आई, बारा वाड्यांच्या राखणदारणी, तुजं लेकरू सखाराम यानं येक वग लिवलान हाय, त्यात मानूस चांदन्यांच्या पल्याड जातो...’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ आणि तिथे रावजी अडला. मला विचारतो, हा ग्रह कोणाच्या शिवेत येतो? शिवेबाहेरचा प्रश्न आपल्या देवीला घालता येत नाही. अर्धा तास त्यावर खल झाला. एक जण म्हणाला, वरचं सगळं सूर्यनारायणाकडे. भागोजी म्हणाला, मग तिकडेच जा विचारायला. शेवटी मी वही काढली आणि म्हटलं, ग्रह कुठेही असो, मांडव आपल्या शिवेत आहे. हे रावजीला पटलं. मग त्याने माझ्या वहीतला वग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत देवीला वाचून दाखवला. सव्वा तास लागला. दोघे झोपले, पण उठून कोणी गेलं नाही, ही नोंद तुमच्या कमिटीने घ्यावी. वाचन संपलं आणि उजवी, होकाराची पाकळी पडली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

एवढं झाल्यावर तुमच्या त्याच निरोपात पुढे येतं की, कौल तिसऱ्या भागाला मिळाला, पण लढाई नको असं देवी कुठे म्हणाली? दादा, असा युक्तिवाद वकिलाने केला तर मी समजू शकतो. वडील भावाने करू नये. ज्यांनी पिक्चर धड बघितला नाही त्यांनी त्याच्या शेवटाला हात लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. येत्या रविवारी तुमच्या मंडळाची सभा आहे. तिथे लढाईचा ठराव झाला तर झांज घरी ठेवून मी त्या दिवशी लांज्याला मेहुण्याकडे जाईन, आणि वही बरोबर नेईन.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. रागात काही कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं.

आपला आज्ञाधारक,
सखाराम

ता. क. : भागोजीचा पुतण्या शनिवारी मुंबईला येतो आहे, त्याच्याबरोबर कोकमाच्या आगळाची एक बाटली आणि हे पत्र देत आहे. बाटली उभी ठेवावी.

ता. क. दुसरा : पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. काल दर्शनाने दापोलीहून तिच्या फोनवर उतरवून आणलेला ‘शून्यलोक’चा तिसरा भाग मला पूर्ण दाखवला. मी नको म्हणत होतो. तो माणूस तीन हाका मारून जेवायला बसला, तेव्हा मी समाधानाने हात जोडले आणि उठलो. दर्शना म्हणाली, ‘बाबा, कुठे चाललात? अजून पंचवीस मिनिटं आहेत.’ दादा, तुम्हाला आठवतं का? त्या दिवशी रत्नागिरीहून वस्तीची गाडी साडेसहाला सुटायची होती. तुम्हाला हलवून उठवलं आणि आपण धावत स्टँडवर गेलो. थिएटरातले बाकीचे तिघे का बसून राहिले, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मला वाटलं, तेही झोपले आहेत. तर त्या पंचवीस मिनिटांत सहा नंबरचं यान येतं. त्यात शत्रू भरलेले असतात. आपला माणूस ताट सोडून उठतो, दोन्ही हातांनी बंदुका चालवतो, आणि गोळ्या संपल्यावर तो दिवा, रोज पुसलेला तो दिवा, उचलून शत्रूच्या सेनापतीच्या डोक्यात घालतो. मग एक गाणं आहे. जगाने या पिक्चरला नावं ठेवली ती योग्यच होती, हे मी लेखी कबूल करतो.

ता. क. तिसरा : माझी रात्र विचारात गेली, पण मन आता स्थिर आहे. देवीने कौल दिला तो रावजीने वाचला त्या वहीला. तिला पंचवीस मिनिटं कोणी वाचून दाखवलेली नाहीत. तेव्हा खरं काम असं आहे. रविवारी सभेत कोणी विचारलं की मूळ पिक्चरच्या शेवटी काय होतं, तर तुम्ही वडील आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. खोटं बोला असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. फक्त एवढं सांगा की, तो माणूस जेवायला बसला, आणि आम्ही दोघे भाऊ उठून घरी आलो.