नावापुरती घरमालकीण

शनिवार, १२ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पोरं बरी असाल. तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तराला उशीर का, तर ड्यूटी. म्हणजे ड्यूटी आहेच, पण ते कारण नाही. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही, म्हणून तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस. मीही लिहूनच कळवते.

इकडचं म्हणशील तर माझा घसा बसलाय. महिनाभर युनियनच्या सभा बंद, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद आहे. वॉर्डातल्या नर्स मुलींना चेष्टेला तेवढंच निमित्त. "ताईंचा आवाज गेला हे वरच्या साहेबांना सांगू नका गं, आनंदाने अ‍ॅडमिट व्हायचे," असं त्यातली एक म्हणाली. मी हसले, तर तेही घोगरं आलं.

खोली सोडावी लागणार आहे. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला ही खोली हवी आहे. माणसं वाईट नाहीत. खाली उभं राहून, मान खाली घालून सांगितलं त्यांनी. भाडेकरूंच्या हक्कांवर मी इतकी वर्षं बोलत आले, पण त्या वेळी तोंडातून एवढंच आलं, "बरं, बघते." आता कितवी खोली ते विचारू नकोस. पुस्तकं तर मागच्या खोलीपासून खोक्यांतच आहेत. एखादं पुस्तक हवं असलं की खाटेखाली शिरायचं, खोकं ओढायचं, वाचून झालं की परत आत. पाहुण्यासारखी राहतात बिचारी.

तर आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहिलंस की सरकारची पहिल्या घराची योजना चांगली आहे. ज्याच्या नावावर कुठेही घर नाही त्यालाच ती मिळते, बाईचं नाव असेल तर व्याज आणखी कमी, सरकार बँकेला हमी देतं, आणि हे सगळं आयुष्यात एकदाच. तुझ्या नावावर घर आहे, वहिनीच्या नावावर दुकानाचा गाळा आहे, म्हणून तुम्हाला मिळत नाही. "तू एकटी, तू कुठलं घर घेणार आहेस? तुझं फक्त नाव लागतंय. हप्ते मी भरीन. विचार करून कळव."

विचार केला. त्या योजनेवर मी रुग्णालयाच्या गेटवर काय बोलले होते ते तुला माहीत आहे, तूच नंतर चेष्टा केली होतीस. ही हमी बँकेला आहे, माणसाला नाही. हप्ता चुकला तर सरकार बँकेला सावरेल आणि तुमचं सामान रस्त्यावर येईल. वीस वर्षं मान वर करणार नाही असा नोकर हवा असेल तर त्याला कर्जाचं घर द्या. टाळ्या पडल्या होत्या. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

तरीही मंगळवारी रात्रपाळी संपवून, युनिफॉर्मवर स्वेटर चढवून, मी त्याच योजनेच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तुझ्या घरासाठी नाही, दादा. माझ्यासाठी. एक खोली आणि स्वयंपाकाला कोपरा, एवढीच जागा बघून ठेवली होती. हे तुला सांगायला मला लाज वाटत होती. कशाची ते नीट सांगता येत नाही. आपण थकलोय हे आपल्या माणसाला सांगण्याची असते तशी काहीतरी.

खिडकीवरच्या गृहस्थांनी मला ओळखलं. "अहो, तुम्ही त्या गेटवरच्या ताई ना? मान वर न करणारा नोकर वगैरे?"

"तीच मी."

"मग इकडे कशा?"

"मान दुखायला लागली," मी म्हटलं.

ते हसले. माझा आधार क्रमांक मशीनमध्ये घातला, आणि त्यांचं हसू थांबलं. "ताई, तुमचा अर्ज आधीच आलाय की. प्राथमिक मंजुरीसुद्धा झाली आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, सुरुवातीची रक्कम भरलेली. फक्त तुम्ही समोर येऊन सही करायची राहिली आहे."

दादा, तो अर्ज ऑगस्टमधला आहे. "विचार करून कळव" असं तू सप्टेंबरच्या शेवटी लिहिलंस.

कसं झालं ते मला तिथेच कळलं. सतत खोल्या बदलते म्हणून माझे सगळे कागद तुझ्या कपाटात असतात. माझा आयकर तुझा हिशेबनीस भरतो, म्हणून पगाराच्या पावत्याही तिथेच. आणि आई गेली तेव्हा तिच्या खात्यासाठी तू दहा-बारा कोरे कागद पुढे केले होतेस. "सगळ्यांवर सह्या करून ठेव, पुन्हा पुन्हा धावपळ नको." मी केल्या. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी सांगते की कोऱ्या कागदावर सही करायची नाही, मेट्रनने सांगितलं तरी नाही. पण तू काही मेट्रन नव्हतास.

गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "हा अर्ज तुम्ही केलेला नसेल तर तसं लिहून द्या. मग चौकशी लागेल, ज्याने केला त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. तुमचा असेल आणि मागे घेतलात, तर मात्र ही एकदाच मिळणारी संधी संपली. शुक्रवारपर्यंत काय ते सांगा."

घरी आले आणि वहिनीला फोन केला. तुला करायला धीर झाला नाही. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "वन्सं, बरं झालं तुम्ही केलात. तुमचं उत्तर नाही म्हणून यांना रात्र रात्र झोप नाही. तेवढी सही करून टाका ना. भाडेकरूसुद्धा ठरलाय, चांगला बँकेतला आहे."

मी म्हटलं, "वहिनी, अर्जदाराने स्वतः तिथे राहायचं असतं."

"अहो, कोण बघायला येतंय? आणि तुम्हाला काय करायचंय घर? सभा काय गॅलरीत भरवणार?"

मलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "दुकान चालत नाही हो. यांना पेन्शन नाही. म्हातारपणी त्या भाड्याचा आधार झाला असता." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

हे तू मला सरळ का नाही लिहिलंस? संपात माझा पगार बंद होता तेव्हा तू न विचारता दर शनिवारी पिशवी आणून दारात ठेवायचास. ते मी विसरलेले नाही, आणि त्याची फेड म्हणून माझं नाव घेतलंस असंही मी मानत नाही. तू तसा नाहीस. तुला फक्त मनापासून वाटलं की माझा हा हक्क रिकामाच पडून आहे. तेच जास्त लागलं. तुझ्या म्हातारपणाचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर माझं नाव नाही.

गुरुवारी तो फ्लॅट बघून आले. वॉचमनला म्हटलं, मालकीण आहे. तेव्हा पहिल्यांदा तो शब्द स्वतःसाठी वापरला. तिसरा मजला. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेकडे उघडते, म्हणजे रात्रपाळीहून आले की ऊन आत आलेलं असेल. आतल्या खोलीत विजेची बटणं नीट हाताच्या उंचीवर आहेत. तुझ्या घरातही अशीच आहेत; ती तू सांगून बसवून घेतली असशील, हे लगेच ओळखलं.

काल शुक्रवारी त्याच खिडकीवर गेले. त्यांनी विचारलं, "ताई, अर्ज तुमचाच?" हजारो माणसांसमोर मी कधी अडखळले नाही. काल अडखळले. मग म्हटलं, "होय. माझाच." आणि सही केली.

सुरुवातीची रक्कम तू भरली आहेस. भविष्यनिर्वाह निधीतून तेवढीच उचल मागितली आहे, महिनाभरात तुझ्या खात्यात जमा होईल. हप्ते माझ्या पगारातून, पुढे पेन्शनमधून कापून जातील. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन. त्या बँकेतल्या भाडेकरूला तूच कळव, आणि त्याने काही दिलं असेल तर परत कर. उरलेले सह्या केलेले कागद वहिनीसमोर फाडून टाक. मला दाखवायची गरज नाही.

तू रागावशील. बहिणीने गळा कापला असं दुकानात चार लोकांना सांगशीलही. सांग. मी खुलासा करणार नाही, करायला घसाही नाही. पण अर्ज माझा नव्हता, हे तुला माहीत आहे आणि मला. तुला वाचवायला मी सरकारी खिडकीवर खोटं बोलले. ते खोटं घेऊन मला जगता येणार नाही, म्हणून ते खरं करायचं ठरवलं आहे. त्याला एकच वाट आहे. तिथे राहायचं, रोज कुलूप काढून आत जायचं आणि स्वतःला सांगायचं, अर्ज माझाच होता.

एक तारखेला सामान नेते आहे. येऊ नकोस असं म्हणत नाही. आलास तर बेल वाजव, तुझ्याकडे किल्ली असणार नाही.

तुझी बहीण,
यापुढे नावापुरती नसलेली